अर्धी गोळी

सकाळी डोळे उघडले की पहिली दिसायची ती ताई. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर गोळी, आणि चेहऱ्यावर असा भाव की हिने गिळली नाही तर मीच हिच्या घशात उतरून ती खाली ढकलीन. मी गिळायचे. मग ती म्हणायची, "बोल काहीतरी." गोळी जिभेखाली लपवली नाही ना, हे बघायची तिची ही युक्ती. मी म्हणायचे, "काय बोलू?" "झालं, एवढं पुरे," म्हणून ती शिलाई मशीनकडे वळायची.

गोळ्या तिच्या ताब्यात होत्या. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कुलपात, आणि किल्ली गोफात ओवून तिच्या गळ्यात. तसं डॉक्टरीणबाईंनी ठरवून दिलं होतं, कारण मला मरावंसं वाटत होतं. मी हे इतकं सरळ सांगते म्हणून कोणाला कसंतरी होत असेल तर माझा इलाज नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हाही मी असंच सांगितलं होतं, कोणी किती वाजले विचारावं आणि आपण घड्याळ बघून सांगावं तसं. शेजारच्या खुर्चीवर ताई होती. तिने पर्स छातीशी घट्ट धरली.

"दोन मार्ग आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक तर काही दिवस इथे वॉर्डात राहायचं. नाहीतर घरी. पण घरी सतत कोणीतरी भरवशाचं माणूस हवं, आणि गोळ्या त्याच्याकडे हव्यात."

वॉर्ड मी येताना पाहिला होता. लांबलचक बोळाच्या टोकाला एक दार, त्याला वरच्या बाजूला काच, आणि बाहेर किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसलेली नर्स. दार आतून उघडत नाही, हे बघताक्षणी कळत होतं. मरायला मी तयार होते, पण त्या दाराच्या आत जायला नाही. माणसाचं डोकं बिघडलं की असं त्रांगडं होतं. मी ताईकडे बघितलं.

"मी सांभाळीन हिला," ताई म्हणाली. "मी शिवणकाम घरातच करते. हिला कुठे ठेवायची नाही."

तेव्हा मी घरी होते ती ताईच्या शब्दावर. तो शब्द ढळला की वॉर्ड. हे आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं.

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माप पाठवतात, त्यावरून आम्ही प्लास्टरचा जबडा ओततो, मेणात एकेक दात बसवतो, आणि ज्याला आपण कधी बघणार नाही अशा माणसाचं हसू तयार करून डबीत घालून पाठवून देतो. हात चांगला आहे माझा. असं मीच म्हणते, कारण मालक म्हणणार नाहीत. त्यांची तोंडभरून स्तुती म्हणजे "चालेल." तर एके दुपारी मी कोणाचा तरी खालचा जबडा समोर घेऊन बसले, हातात मेणाची सुरी घेतली, आणि बसूनच राहिले. मेण गार झालं. मालक माझ्या मागे येऊन उभे राहिले. मालक कोणावर खेकसल्याशिवाय दिवस काढू शकत नाहीत, पण त्या दुपारी ते खेकसले नाहीत, आणि तेव्हाच मला कळलं की माझं काहीतरी फार बिघडलं आहे. त्यांनी हळूच माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि ताईला फोन केला.

कारण काय, म्हणून सगळ्यांनी विचारून घेतलं. कारण नव्हतं. कोणी मेलं नव्हतं, कोणी सोडून गेलं नव्हतं. सकाळी उठायचं म्हटलं की अंगात शिसं ओतल्यासारखं व्हायचं, बस. लोकांना कारण मिळालं नाही की ते थोडे नाराज होतात, जसं काही आपण त्यांना जेवायला बोलावून उपाशी पाठवलं.

त्या पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाई गोळीचं नाव लिहू लागल्या तशी ताई पुढे सरकली. "मॅडम, माझं ऐकता का? मी घेते तीच गोळी हिला द्या."

ताई जुनी रोगी. आई गेली त्या वर्षी तीही अशीच अंथरुणाला खिळली होती. केस विंचरायची नाही, बोलायची नाही. तेव्हाच्या डॉक्टरांनी तिला एक गोळी दिली आणि महिन्या-दोन महिन्यांत ताई उठून बसली. तेव्हापासून आजतागायत रात्रीची ती गोळी ताई चुकवत नाही. त्या गोळीबद्दल ती अशी बोलते की ऐकणाऱ्याला वाटावं, कोणी कर्तबगार भाऊच आहे हिचा.

डॉक्टरीणबाईंनी नाव विचारलं. ताईने सांगितलं. "ही ट्रायसायक्लिक," त्या म्हणाल्या. "जुन्या प्रकारातली. औषध चांगलं आहे, पण हिला मी सुरुवातीला ते देणार नाही."

"का? एकाच आईच्या पोटच्या आहोत आम्ही."

डॉक्टरीणबाई कंटाळल्या नाहीत. टेबलावरची दोन पेनं त्यांनी टोकाला टोक लावून ठेवली, मध्ये थोडी फट सोडून. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तो या फटीतून, त्या म्हणाल्या. निरोप म्हणजे रसायनाचे थेंब समजा. निरोप पोचला की पहिली पेशी ते रसायन परत ओढून घेते. नव्या गोळ्या, ज्यांना एसएसआरआय म्हणतात, त्या हे परत ओढणं अडवतात, पण बहुतेक एकाच रसायनाचं, सेरोटोनिनचं. दुसऱ्या काही गोळ्या दोन रसायनांचं अडवतात. ताईंची जुनी गोळीही अडवते, पण तेवढ्यावर थांबत नाही. ती जाता जाता तोंडाची लाळ, पोट, डोळे, लघवी, हृदयाचे ठोके, सगळीकडे हात लावते. एक प्रकार असा आहे की तो परत ओढणं अडवतच नाही, वेगळ्या वाटेने जास्त रसायन सोडायला लावतो. त्याने झोप आणि भूक वाढते, वजनही. आणि सगळ्यात जुन्या गोळ्या तर रसायन मोडून टाकणाऱ्यालाच बंद पाडतात, त्यांच्याबरोबर मुरवलेलं चीजसुद्धा खायची चोरी.

"मग यांतली सगळ्यात भारी कोणती?" ताईने विचारलं.

"साधारण बघितलं तर गुण येण्यात फार मोठा फरक नाही. फरक आहे तो त्रासात, आणि कोणाला कोणती मानवते त्यात. ते आधी सांगता येत नाही. देऊन बघावी लागते."

"म्हणजे अंदाजपंचे," मी म्हणाले. तेवढं बोलायची ताकद कुठून आली कोणास ठाऊक.

डॉक्टरीणबाई हसल्या. "थोडंसं. रसायन अडवायचं काम गोळी काही तासांत करते. पण माणसाला बरं वाटायला चार ते सहा आठवडे का लागतात, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. सेरोटोनिन कमी पडलं म्हणून हा आजार होतो, इतकं ते सोपं नाही." मग त्या ताईकडे वळल्या आणि त्यांचा आवाज बदलला. "तुमची गोळी हिला न देण्याचं आणखी एक कारण आहे. ती एकदम जास्त घेतली तर हृदय बंद पडू शकतं. नव्या गोळ्यांत हा धोका पुष्कळ कमी आहे. आत्ता हिच्या घरात तुमची गोळी आहे हेच मला आवडत नाही. तीही कुलपात ठेवा."

ताईने मान हलवली. ताईची मान हलली म्हणजे तिला पटलंच असं कधी समजू नये. हे मला ठाऊक हवं होतं, पण माझं डोकं तेव्हा कुठे माझ्याजवळ होतं?

पहिले पंधरा दिवस नव्या गोळीने मला मळमळ दिली, हाताला बारीक कंप दिला, आणि सुख म्हणून काडीचं दिलं नाही. ताई दिवसातून कितीदा तरी माझं तोंड बघायची. दूध उतू जाऊ नये म्हणून बघतात तसं. "काही फरक?" "नाही." "थोडासुद्धा?" "ताई, थोडासुद्धा." ती मशीनवर जाऊन बसायची, आणि मशीन असं चालवायची की कापड किंचाळतंय असं वाटावं.

ताईचं काम म्हणजे लोकांच्या कपड्यांची मापं बदलणं. सैल ते घट्ट, लांब ते आखूड, बापाचा कोट मुलाला. हे ती लहानपणी माझ्यावर शिकली. तिचा प्रत्येक फ्रॉक, प्रत्येक स्वेटर, शाळेचं दप्तरसुद्धा पट्टे कापून माझ्याकडे आलं. नवं कोरं असं माझ्या वाट्याला फारसं आलंच नाही. पण तिने आटवून दिलेलं कधी काखेत काचलं नाही की खांद्यावरून घसरलं नाही, तेही खरं. आमच्या घरात ताईला जे झालं ते मला व्हायचं, आणि ताईला जे लागू पडलं ते मला पडायचं. गोवर तिच्यामागून मला. चष्मा तिच्यामागून मला. खोकल्याचं औषधही एकाच बाटलीतून, तिला दोन चमचे, मला एक.

तिसरा आठवडा संपत आला होता. एका रात्री जेवण झाल्यावर तिने माझ्या तळहातावर एक अर्धी गोळी ठेवली. "ही ताकदीची. व्हिटॅमिन."

मी विचारलं नाही कोणी दिली, कधी दिली. तिने दगड ठेवला असता तरी गिळला असता. त्या दिवसांत विचारणं हेसुद्धा काम होतं.

आणि गंमत बघा, पुढच्या आठवड्यात मला फरक पडला. फार नाही. मालकांनी मला अर्धा दिवस कामावर यायला सांगितलं होतं, न्यायला आणि सोडायला ते स्वतः यायचे, आणि वाटेत एक अक्षर बोलायचे नाहीत. तर एका सकाळी मी दातांच्या रंगांची पट्टी हातात घेतली आणि मला वाटलं, या माणसाला एवढे पांढरे शुभ्र दात शोभणार नाहीत, जरा पिवळट हवेत. एवढंच. पण कित्येक आठवड्यांत मला काही *वाटलं* नव्हतं. मी मालकांना तसं म्हणाले. ते म्हणाले, "चालेल," आणि पाठ फिरवून बराच वेळ नाक पुसत राहिले.

घरी येऊन ताईला सांगितलं तर तिचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "बघ!" ती म्हणाली. "मला माहीतच होतं!" मला वाटलं, डॉक्टरीणबाईंच्या गोळीचं कौतुक चाललंय.

मग तोंड कोरडं पडायला लागलं. आधी थोडं, मग इतकं की बोलताना जीभ टाळूला चिकटायची. पोट साफ होईना. मेणातली बारीक रेघ दिसेना. चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला, तरी जवळचं सगळं धुरकट. लघवीला बसलं तर होता होत नाही. छातीत उगाचच धडधड. मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "होतं असं सुरुवातीला. मलाही झालं होतं. सहन कर. बरं वाटतंय ना? मग?"

बरं वाटत होतं हे खरं, पण ज्या डोळ्यांनी आणि हातांनी मी पोट भरते ते चालेनासे झाले तर त्या बऱ्या वाटण्याचं करू काय? मला पुन्हा भीती वाटू लागली. ही गोळी मानवली नाही तर दुसरी, दुसरी नाही तर तिसरी, आणि दर वेळी पुन्हा आठवडेच्या आठवडे वाट बघायची. तेवढं मी टिकेन असं मला वाटत नव्हतं. आणि डॉक्टरीणबाईंनाही तसं वाटलं तर त्या सरळ बोळाच्या टोकाकडे बोट दाखवतील.

ताई या सगळ्यात गप्प गप्प होत गेली होती. मशीनवर कपड्यांचा ढीग वाढत होता, गिऱ्हाइकं दारातून परत जात होती. "उद्या देते," एवढंच म्हणायची. ती रात्री झोपत नाही हे मला पलंग कुरकुरायचा त्यावरून कळायचं. मला वाटलं, माझ्या काळजीने. माणूस आजारी पडला की जगातलं सगळं आपल्यामुळेच घडतंय असं त्याला वाटतं. एका परीने तो माजच असतो.

मग एका सकाळी कारखान्यात मी स्टुलावरून उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि शुद्धीवर आले तेव्हा कपाळावर ओला रुमाल होता आणि मालक ताईला फोनवर ओरडून बोलावत होते. तिथून आम्ही तिघं तडक डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी मला एकटीला आत घेतलं. नाडी बघितली, डोळ्यांत उजेड टाकला, छातीला तारा चिकटवून हृदयाचा आलेख काढला. तो कागद त्यांनी पुन्हा पुन्हा खालीवर बघितला.

"मळमळ आहे का अजून?"

"नाही. ती गेली."

"तोंड कोरडं? पोट साफ नाही? लघवी अडते? जवळचं धूसर दिसतं?"

"हो. सगळंच."

"विचित्र आहे," त्या म्हणाल्या. "मी दिलेल्या गोळीचा त्रास असा नसतो. तिने पोट बिघडतं, झोप उडते, हात कापतो. तुम्ही सांगताय ते सगळं दुसऱ्याच जातीच्या गोळीचं आहे. आणखी काय घेता तुम्ही?"

"काही नाही. रात्रीची ती अर्धी व्हिटॅमिनची तेवढी."

"मी व्हिटॅमिन दिलेलं नाही."

खोलीत पंखा फिरत होता. मला सगळं एकदम कळलं, आणि कळल्याबरोबर मी खोटं बोलले. "मीच आणलं दुकानातून."

"एकट्या गेलात दुकानात?"

"हो."

"ताईंनी जाऊ दिलं?"

मी चष्मा काढून पुसू लागले. हो म्हटलं तर ताईचं लक्ष नाही म्हणून वॉर्ड, नाही म्हटलं तर ताईनेच दिली म्हणून वॉर्ड. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे फक्त बघितलं, उठल्या, दार उघडलं आणि ताईला आत बोलावलं.

ताईने आढेवेढे घेतले नाहीत. विचारल्याबरोबर म्हणाली, "हो, दिली. माझीच दिली. अर्धी करून, तिच्या मापाची. आणि फरक पडला ना? ती हसली परवा! तुम्ही चार आठवडे, सहा आठवडे म्हणता मॅडम, तुमचं काय जातं म्हणायला? रोज सकाळी ही जिवंत आहे की नाही ते बघायला मी उठते."

"फरक आधीच्या गोळीने पडायला लागला होता," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तिची वेळ झाली होती. आणि ती गोळी अंगात असताना तुमची गोळी शरीराबाहेर टाकली जात नाही, साठत राहते. तुम्ही दिलीत अर्धी, पण हिच्या रक्तात ती कितीतरी पट झाली. आज ही नुसती चक्कर येऊन पडली. आणखी काही दिवस चाललं असतं तर हृदयावर गेलं असतं."

ताई समोरच्या खुर्चीत बसली.

आणि माझा तोल सुटला. आजारपणात माणसाला राग येत नाही, नुसतं शिसं येतं. पण त्या क्षणी मला असा राग आला की मी उभी राहिले. "मी रोज कवळ्या बनवते, ताई! जुळ्या भावांची कवळी एकमेकांना बसत नाही! तू मला कायम तुझंच आटवून घालत आलीस. कपड्यांचं ठीक होतं ग. माझं डोकं पण? मला एकदा तरी विचारायचंस! मला वाटलं माझे डोळे गेले. मला वाटलं आता कुठलंच औषध मला चालणार नाही, संपलं. तुला कळतंय का, मी काय ठरवत होते ते?"

"तू मरू नयेस म्हणून दिली," ताई म्हणाली. "मला दुसरं काय येतं?"

डॉक्टरीणबाईंनी मला खांद्याला धरून खाली बसवलं. मग त्यांनी ताईला विचारलं, "तुम्हाला महिन्याच्या मोजून गोळ्या मिळतात. हिच्यासाठी जास्तीच्या कुठून आणल्या?"

ताई खिडकीकडे बघू लागली.

"ताई?" मी विचारलं.

"जास्तीच्या कुठल्या मिळणार," ताई म्हणाली. "माझ्यातलीच. अर्धी तिला, अर्धी मला."

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मी ताईकडे बघितलं. खरंच बघितलं. तिचे केस विंचरलेले नव्हते. ब्लाउजचं एक बटण वरखाली लागलं होतं, जी बाई दुसऱ्याच्या कपड्यातला एक वाकडा टाका खपवून घेत नाही तिच्या ब्लाउजचं. गाल आत गेले होते. हे इतके दिवस माझ्यासमोर, हातभर अंतरावर, पाण्याचा पेला घेऊन उभं होतं.

"किती दिवस झोप नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हिला रात्री सारखं..."

"हिचं नाही विचारत. तुमचं."

पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत, मान वर न करता, ती म्हणाली, "ही कामावर गेली की मी कपाट उघडते. गोळ्या समोर घेऊन बसते. हिच्या आणि माझ्या. नुसती बसते हो. ही यायच्या वेळेला उठून कुलूप लावते."

"बसल्यावर मनात काय येतं?"

"येतं की, आता हिला बरं वाटतंय. आता हिला माझी गरज नाही."

मला वाटलं मी ओरडेन. पण तोंड इतकं कोरडं होतं की आवाजच फुटला नाही.

त्यानंतरचं डॉक्टरीणबाईंनी दोघींना एकत्र सांगितलं. माझी अर्धी आजपासून बंद, सकाळची गोळी तशीच चालू, हृदयाचा आलेख दोन दिवसांनी पुन्हा. ताईची गोळी नीट पूर्ण मात्रेवर न्यायची, पण तीही लगेच काम करणार नाही. तिलाही आठवडे लागतील. आणि तोवर ताईला कुलपाची किल्ली देता येणार नाही, आणि एकटं ठेवता येणार नाही. "वॉर्डात ठेवू या का?" त्यांनी विचारलं. ताईला नव्हे, मला विचारलं. "घरी न्यायचं तर चोवीस तास कोण बघेल?"

ताईने माझा हात धरला. "हिला अजून नीट उभं राहवत नाही, हिला काय विचारता? मी घरी जाते. मी आता पूर्ण गोळी घेईन. आईशप्पथ."

माझ्या जिभेवर आलं होतं, की मी बघेन. अगदी टोकावर आलं होतं. मी उठता-बसता भिंत धरत होते. सकाळी अंथरुणातून निघायला मला तिचा हात लागत होता. मी तिला काय बघणार? पण नाही म्हणणं म्हणजे तिला त्या दाराच्या आत ढकलणं. माझ्या वेळी तिने क्षणाचाही विचार केला नव्हता.

"ठेवा," मी म्हणाले.

"चिंगे," ताई म्हणाली. लहानपणी हाक मारायची तसं. "चिंगे, मी तुला नव्हतं ग जाऊ दिलं."

"ठेवा तिला, मॅडम," मी म्हणाले. या वेळी आवाज जरा मोठा निघाला.

मालक बाहेर बाकावर बसले होते. त्यांना सांगितलं तसे ते आधी डॉक्टरांवर खेकसले, मग नर्सवर, मग माझ्यावर, आणि सगळ्यांवर खेकसून झाल्यावर म्हणाले, "ही आमच्या घरी राहील. गोळ्या माझ्या बायकोकडे." त्यांनी एवढी दोन वाक्यं सलग बोललेली मी पहिल्यांदा ऐकली.

बोळ लांब होता. नर्स पुढे, ताई आणि मी मागे, दोघी एकमेकींना धरून चालत होतो. कोण कोणाला सावरतंय ते कळत नव्हतं. दाराशी नर्सने ताईच्या गळ्यातला गोफ काढून घेतला, आत तसलं काही नेता येत नाही म्हणून, आणि किल्लीसकट माझ्या हातात दिला. ताई रडली नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिची कोणीच नाही.

"येऊ नकोस भेटायला," ती म्हणाली.

"रोज येणार."

"मी बोलणार नाही."

"नको बोलूस. जिवंत राहा, आणि आयुष्यभर बोलू नकोस माझ्याशी."

नर्सने दार उघडलं. ताई आत गेली आणि दार लागलं. काचेतून तिची पाठ दिसत होती. ती तिथेच थांबली होती, पुढे जात नव्हती. मला ठाऊक होतं ती कशासाठी थांबली आहे. ती वळली असती आणि तिने काचेतून माझ्याकडे एकदा बघितलं असतं, तर मी ते दार उघडायला लावून तिला घरी घेऊन गेले असते. ती वळायच्या आत मी भिंत धरून परत चालायला लागले.